ग्रंथपालाला ऑनलाइन विचारलं तर बिघडलं कुठे?

खाडीपलीकडची
गुहागरकडून दापोलीला यायचं म्हणजे धोपाव्याला फेरीबोट धरा, दाभोळला उतरा, मग एसटीची वाट बघा. एवढं करून कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारायचं काय, तर "अमुक प्रबंध आहे का?" 'नाही' म्हणाले की दिवस फुकट. संदर्भसेवा, म्हणजे वाचकाला हवं ते शोधायला मदत करणं, ऑनलाइन करा ना! एक अर्ज, ठरलेल्या वेळी चॅट, बस. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे ग्रंथालयशास्त्रवाले रंगनाथन यांनी १९३१ सालीच लिहून ठेवलंय.

कातळावरचा
मी एका ग्रंथालयात काम करतो, म्हणूनच विरोधात लिहितोय. मागे एक मुलगा आला, "आंब्यावरचं पुस्तक द्या." कपाटभर आहेत, कुठलं देऊ? बसवला, विचारत गेलो. घरची हापूसची बाग, फळ बाहेरून देखणं, कापलं की आत पांढरट. म्हणजे त्याला हवी होती साक्याची माहिती, हापूस आतून असा खराब होतो त्याची! तिथून वेंगुर्ल्याच्या 'रत्ना'पर्यंत पोचलो. नीलम-हापूसचा संकर, साका न धरणारा. चॅटवर त्याने 'आंबा पुस्तक' एवढंच टाकलं असतं, मी पाच नावं पाठवली असती, दोघंही सुटलो असतो. आणि माणसं कुठायत? देवघेवीला मी, नोंदणीला मी, आता चॅटलाही मीच?

पावसाळी
२०२०च्या 'निसर्ग' चक्रीवादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. चॅट कसलं करताय!

बंदरावर
मुलं एआयला विचारतात हो आता.

कातळावरचा
विचारतात, आणि जगात नसलेल्या लेखांची यादी घेऊन माझ्याच टेबलाशी येतात.

खाडीपलीकडची
@पावसाळी, वादळात एसटी तरी होती का?
@कातळावरचा, साका मान्य. पण तुम्ही विचारलंत ते सगळं फोनवरही विचारता आलं असतं. तो मुलगा खाडीपलीकडचा असता तर आलाच नसता. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी विद्यापीठांना सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिकं खुली झाली, शेतीचे प्रबंध 'कृषिकोश' या ऑनलाइन संग्रहात आहेत. पण त्यात नेमकं कुठे शोधायचं हे घरबसल्या सांगणार कोण? माणसं कमी आहेत हे मात्र खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कातळावरचा
फोन चालेल. दुपारी ३ ते ४, तेव्हा काउंटरला गर्दी नसते. परीक्षेच्या दिवसांत नाही हां. आणि 'आंबा पुस्तक' असा मेसेज टाकलात तर उलट फोन मी करणार, उचलायचा.