मदत हवी आहे: साबांचे (सासूबाईंचे) बॅलन्सचे व्यायाम, हाताचा आधार कधी सोडायचा?

साबा ७६ च्या आहेत. पडल्या नाहीयेत अजून, पण पडता पडता वाचल्यात. सरळ चालताना काहीच नाही, वळताना सगळी गडबड, म्हणजे मागून कोणी हाक मारली की मान आणि खांदे वळतात, पाय तिथेच राहतात आणि हात दाराच्या चौकटीकडे जातो. डोळे, शुगर झालं बघून, झोपून उठल्यावरचं बीपीपण तपासलं, नॉर्मल.

फिजिओने ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यासमोर लावून उभं राहणं सांगितलंय. हा शेवटचा प्रकार धरून मस्त जमतो, हात सोडला की लगेच डुगडुगतात. १० सेकंद टिकलं नाही तर पडायची रिस्क जास्त धरतात म्हणे, तेव्हापासून मलाच टेन्शन. घट्ट धरून केलं तर उपयोग होतो का? आणि "मी रोज चालते, हे आणखी कशाला" याला काय उत्तर देऊ? (वयोमानाने होतंच, असं प्लीज नको.)

प्रतिसाद:
घट्ट धरलं तर तोल ओटाच सांभाळतो, घोट्यांना काम उरत नाही. पण एकदम सोडायचा नाही. दोन हात, मग एक, मग नुसती बोटं टेकवून, मग हात ओट्याच्या जरा वर. मागे भिंत आणि तुम्ही शेजारी. तरी जमलं नाही तर पाऊल पूर्ण पुढे न नेता अर्धंच पुढे, दुसऱ्याला चिकटून. थोडं डुगडुगायला हवंच, तोच तर व्यायाम आहे! डोळे मिटून वगैरे फिजिओ सांगेपर्यंत नको.

चालणं चालूच राहू दे, पण त्यात तोलाची परीक्षा फारशी होत नाही. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये ६५ च्या पुढे बॅलन्स आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस सांगितलेत. वळण्यासाठी आठच्या आकड्यात चालणं, न्यूझीलंडच्या ओटॅगो या पडणं टाळायच्या व्यायामांच्या प्रोग्रॅममध्ये आहे ते, फिजिओला विचारून सुरू करा. आधी पावलं वळवायची, मग मान.

झोपेची गोळी घेतात का? आणि चष्मा बायफोकल आहे का?

धागाकर्ती:
गोळी नाही, चष्मा बायफोकलच आहे. का?

प्रतिसाद:
खाली बघताना वाचायच्या भागातून बघितलं जातं, पायरी धूसर दिसते. चालायला वेगळा, फक्त लांबचा चष्मा मिळेल का ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.