लकव्यानंतर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या?

दादा, बाबांना लकवा मारल्यावर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू कराव्या का, असं तुम्ही विचारलंय. वर एकांनी "द्या, नुकसान तर नाही" असं लिहिलंय. ते मला पटत नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो जवळपास २० टक्के. लकव्यात गुठळीनं मेंदूचं रक्त अडलं की पेशी गुदमरतात, आणि गुठळी सुटून रक्त परत धावलं की त्याच ऑक्सिजनातून सुपरऑक्साइडसारखे घातक रेणू भराभर तयार होतात. ग्लुटाथिओन, सुपरऑक्साइड डिसम्यूटेज ही शरीरातलीच अँटिऑक्सिडंट, म्हणजे असे रेणू निकामी करणारी घरची राखण, तेव्हा पुरी पडत नाही. पण म्हणून बाहेरून गोळी दिली की भागतं, असं नाही. असे रेणू पकडणारं एनएक्सवाय-०५९ हे औषध २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लकव्यावर फोल ठरलं. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका वाढलेलाही दिसलाय. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

माझ्या मायला वावरात कापूस वेचतानाच झालं. वेचलेला कापूस डाव्या हातातून गळत होता, तिला कळतही नव्हतं. आम्ही आधी झाडपाल्यावाल्याकडे नेलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. यवतमाळला पोचेस्तोवर ती वेळ टळली होती. ते अजून मनातून जात नाही.

आता जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, आवळा जेवणात असतोच. मीठ कमी, बीपीची गोळी रोज, घरात खर्रा बंद. बाबांचं बीपी शेवटचं कधी मोजलं?