जहाजाच्या नाळेपाशी पट्ट्या बसत नाहीयेत, बसवल्या तर फटी पडून राहिल्या, काय करू?

धंतोलीकर:
नमस्कार मंडळी. ब्लूनोजचं लाकडी किट करून राहिलो आहे, माझं पहिलंच जहाज. ब्लूनोज म्हणजे कॅनडाची दोन डोलकाठ्यांची स्कूनर, १९२१ साली नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्गला बांधली, मासेमारीही करायची आणि शर्यतीही जिंकायची, त्यांच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे तीच. कणा आणि आडवे सांगाडे छान काटकोनात बसले, मग पहिल्या थराच्या पट्ट्या सुरू केल्या, बासवुडच्या, ५ मिमी रुंद आणि दीड मिमी जाड. गरम पाण्यात अर्धा तास भिजवल्या, वाकवल्या आणि लगेच फेव्हिकॉलने चिकटवून टाचण्या मारल्या. दोन दिवस एकदम झकास दिसत होतं. पाचव्या दिवशी पाहतो तर पट्टी-पट्टीच्या मधे नख जाईल एवढी फट, आणि पुढच्या टोकाला, नाळेपाशी, पट्ट्या एकमेकींवर चढून राहिल्या. बाहेर ४५ डिग्री आहे, रात्री त्याच खोलीत कूलर चालतो. सगळं उखडू का? खूप जीव लावून केलंय हो.

रंधा_पटाशी:
उखडू नका, आधी नीट वाचा. भाऊ, पट्टी ओली असताना चिकटवली इथेच चुकलं. लाकूड पाणी प्यायलं की रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही, आणि वाळलं की पुन्हा रुंदीतच आकसतं. फुगलेली पट्टी फुगलेल्या पट्टीला टेकवून चिकटवली तर वाळल्यावर फट पडणारच ना, फेव्हिकॉल कितीही चांगला असो. भिजवा, वाकवून क्लिपा लावून जागेवर अडकवा आणि रात्रभर तशीच सोडा. सकाळी काढली की ती वळण धरून राहते, तेव्हा कोरडी चिकटवा. आणि ते जहाज आधी कूलरच्या खोलीतून हलवा बाप्पा! रात्री दमट, दिवसा कूलर बंद झाला की हवा कोरडी ठणठणीत, रोज फुगणं रोज आकसणं चालू राहील.
आमचं लकडगंजात लाकडाचं काम होतं, मी लहानपणापासून हेच पाहिलं की लाकूड ज्या हवेत राहणार त्या हवेत आधी मुरू द्यायचं. किटच्या पट्ट्यांचा गठ्ठा सोडून आठ दिवस उघडा ठेवला तरी खूप फरक पडतो.

पाच_शिडं:
वरच्या दादांनी फटीचं कारण बरोबर सांगितलं पण नाळेपाशी चढताहेत त्याचं कारण वेगळं आहे. जहाज मधे फुगीर आणि टोकाला निमुळतं, मग सारख्या रुंदीच्या पट्ट्या टोकाला मावतील कशा? कागदाची पट्टी घेऊन मधल्या सांगाड्याची एक बाजू मोजा, समजा ९० मिमी आली म्हणजे ५ मिमीच्या १८ पट्ट्या. आता सगळ्यात पुढच्या सांगाड्यावर तेच मोजा, समजा ५४ मिमी. ५४ भागिले १८, म्हणजे तिथे प्रत्येक पट्टी ३ मिमीच हवी, तेवढी ती मधल्या भागापासून हळूहळू निमुळती करायची. धातूची पट्टी टेकवून ब्लेडने कापा, मग घासा. निम्म्याच्या खाली मात्र नेऊ नका, टोक फाटतं, त्यापेक्षा दोन पट्ट्यांच्या जागी एकच न्या. आडवी जबरदस्तीने वाकवायला जाऊ नका, पट्टी कडेवर वाकत नाही, उलटून वर येते.
आणि एक डावीकडे, एक उजवीकडे अशाच लावा. एकीकडच्या सगळ्या आधी लावल्या तर कणा पिळतो, तो नंतर कशानेच सरळ होत नाही.

धंतोलीकर:
ताई, मी डावीकडच्या सलग सहा लावल्यात 😟 आत्ताच कण्यावर दोरा ताणून पाहिला, सरळ आहे, देवाची कृपा. एक विचारायचं होतं, घरी सागवानाचे तुकडे पडून आहेत, त्यातून पट्ट्या काढल्या तर? साग कमी आकसतो म्हणतात.

रंधा_पटाशी:
कमी आकसतो हे खरं, आपल्याकडचा सीपी टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला साग, तर नावाजलेलाच. पण साग तेलकट, फेव्हिकॉल नीट धरत नाही, आणि रेषा इतक्या ठळक की एवढ्याशा जहाजावर त्या रेषा म्हणजे ओंडकेच वाटतील. पहिला थर तसाही वरच्या अर्ध्या मिमीच्या अक्रोडाच्या थराखाली झाकला जाणार, म्हणून म्हटलं उखडू नका. फटीत त्याच लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमधे कालवून दाबा, वाळला की १२० नंबरच्या सँडपेपरने सगळं एकसारखं घासा. नाळेजवळच्या दोन सांगाड्यांच्या मधे शिवणीच्या लाकडाचे ठोकळे बसवून आकार द्या, शिवण मऊ असते, पटाशीला लोण्यासारखी. पट्टीला पूर्ण टेका मिळतो.

धंतोलीकर:
शिवण मिळाली, एक ठोकळा घासून बसवला. आत्ता त्याच्यावरून कोरडी पट्टी फिरवून पाहिली, कुठेच उचलत नाही, पार टोकापर्यंत चिकटून बसते. उजवीकडच्या सहा कापायला घेतो.