फोन तोच, फोटो वेगळा: तुमची नजर कधी आणि कशी बसली?

मागच्या रविवारी घरच्या ग्रुपवर आईचा एक फोटो टाकला, तर खाली चार जणांचा एकच प्रश्न, नवीन फोन घेतलास का? फोन चार वर्षं जुना आहे आणि मागच्या काचेला तडा गेलाय. आई भाकऱ्या थापत होती तेव्हा मी स्वयंपाकघरातली ट्यूब बंद केली आणि तिला म्हटलं परात जरा खिडकीकडे सरकव, एवढंच काय ते केलं. डावीकडून येणारा सकाळचा उजेड तिच्या गालावर आणि मनगटापर्यंत लागलेल्या पिठावर पडला, आणि तव्यावरची वाफ मागच्या अंधारात स्पष्ट उठून दिसली. ट्यूब चालू असताना काढलेले आधीचे सात-आठ फोटो आहेत माझ्याकडे, त्यात वाफ नाहीच, आणि पिठाचा पांढरा, भिंतीचा पांढरा सगळं एकच.

हे मला खूप उशिरा कळलं. आधी वाटायचं मेगापिक्सेल वाढले की फोटो सुधारतील. पण फोनमधला उजेड टिपणारा सेन्सर करंगळीच्या नखाहून फार मोठा नसतो, त्याच्यापर्यंत पोचणारा उजेडच मुळात थोडा, मग तो कुठून येतोय हे बघणं आपल्यालाच भाग आहे. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलवाले बहुतेक फोनसुद्धा नेहमीच्या मोडमध्ये चार-चार पिक्सेल एकत्र करून १२ चा फोटो देतात, ते याच कारणासाठी.

तर तुमचे अनुभव लिहा. मॉडेल कुठलं ते नका लिहू, त्याच्या याद्या सगळीकडे मिळतात. एखादी गोष्ट नेमकी कधी उमगली, कुठला फोटो फसला आणि का फसला, रोजच्या कामात कॅमेऱ्याचा काय उपयोग होतो, ते सांगा. मोठं लिहिलंत तरी चालेल.

साड्या विकणारी, नाशिक

माझं सगळं दुकान फोनवरच आहे, साड्यांचे फोटो स्टेटसला टाकते आणि ऑर्डर घेते. पहिल्या वर्षी तीन साड्या परत आल्या. एका ताईंना आमसुली हवी होती, फोटोत आमसुली दिसत होती, हातात पडली ती वांगी रंगाची. त्या चिडल्या नाहीत पण पुन्हा कधी मागवलं नाही, ते मला फार लागलं. मी रात्री सगळं आवरलं की बेडवर साडी पसरून पिवळ्या बल्बखाली फोटो काढायचे, त्यात निम्मी चूक होती. बाकीची निम्मी मला नंतर समजली, की अख्खी फ्रेम एकाच रंगाने भरली की फोन गोंधळतो, त्याला वाटतं हा उजेडाचाच रंग आहे आणि तो उलट्या बाजूला ओढतो. म्हणून लाल साडी जवळून काढली की फिकट पडते, आणि रामा रंग तर प्रत्येक फोटोत वेगळाच!

आता सकाळी नऊ ते अकरा, ऊन थेट येत नाही अशा बाल्कनीत, साडीच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवते. कागद पांढरा दिसला की साडीचा रंग खरा आहे असं समजायचं, मग कागद क्रॉप करून टाकायचा. आणि संक्रांतीला चंद्रकळा विकायच्या असतात तेव्हा लक्षात ठेवा, काळी साडी फोन राखाडीच करून दाखवतो कारण अंधार दिसला की तो आपणहून उजळ करतो. स्क्रीनवर साडीवर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा, काळा रंग काळा होतो आणि जरीसुद्धा चमकते. पांढऱ्या साडीला उलट, वर ओढायचं. हे एक बोट खाली-वर करणं शिकले आणि रंगावरून साडी परत येणं जवळजवळ थांबलं.

द्राक्ष बागायतदार, तासगाव

आमच्याकडं फोटो छान दिसावा म्हणून कोण काढत नाही, औषध कुठलं मारायचं ते ठरवायला काढतात. बागेत काही दिसलं की सल्लागाराला फोटो जातो आणि ते फोनवर सांगतात. दोन वर्षांपूर्वी छाटणीनंतर पाऊस झाला, पानावर काहीतरी दिसायला लागलं, मी भर दुपारी उन्हात उभा राहून अख्ख्या वेलीचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, यात फक्त हिरवं दिसतंय. परत पाठवला, तर पान चमकतंय नि माझ्याच टोपीची सावली त्यावर. असं करत दीड दिवस गेला. दावण्या म्हणजे पानावरचा बुरशीचा रोग, त्याला दीड दिवस म्हणजे काय ते बागवाल्याला विचारा.

मग त्यांनीच शिकवलं. पहिला फोटो लांबून, ओळ दिसेल असा. दुसरा वेलीचा. तिसरा पान हातात धरून आभाळाकडं करून, म्हणजे उजेड पानातनं आरपार येतो आणि तेलकट डाग लगेच ओळखू येतो. चौथा पान उलटं करून, कारण दावण्याची पांढरी बुरशी खालच्या अंगाला असते. भुरी, हा दुसरा बुरशीचा रोग, असली तर वरनंच पिठासारखी दिसते. शेजारी एक रुपयाचं नाणं धरायचं म्हणजे डाग केवढा ते कळतं. आणि पानाला फोन चिकटवायचा नाही, फार जवळ गेलं की फोकस होतच नाही, वीतभर मागं यायचं आणि २एक्स म्हणजे दुप्पट झूम करायचं. सकाळी दव वाळल्यावर, ऊन कडक व्हायच्या आत काढले की एका झटक्यात उत्तर येतं.

२०२१ पासून ई-पीक पाहणीपण आपणच करायची आहे, पिकाचा फोटो आपल्याच शेतात उभं राहून अॅपवर टाकायचा म्हणजे सातबारावर नोंद होते. भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांचं मीच करून देतो. तिथंपण तेच सांगतो, सूर्य पाठीमागं घ्या आणि फोन हलवू नका.

मूळ धागाकर्ती

काका, पान आभाळाकडे धरून बघायची ही युक्ती मी कुंडीतल्या मिरचीवर लगेच करून पाहिली. पानातली शीर न् शीर दिसली. फार छान लिहिलंत.

पुणे, आयटीत काम

एकच सांगते. लेन्स पुसा. फोन दिवसभर खिशात, पर्समध्ये, हाताचं तेल लागलेलं. रात्री दिव्यांभोवती जे धुरकट पट्टे येतात ना ते बऱ्याचदा कॅमेऱ्याचे नसतात, बोटाच्या ठशाचे असतात. ओढणी नको, तिच्यात धूळ असते, चष्म्याचं कापड वापरा.

वारीला जाणारा, सासवड

मी माउलींच्या पालखीसोबत दिवे घाटातून दरवर्षी चालतो, सहा-सात वर्षं झाली. पहिल्या वर्षी तीन-साडेतीनशे फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर सगळ्यात नुसती डोकी. गर्दी होती, पण वारी त्यात नव्हती! घाटात वरच्या वळणावर थांबलं की खालून येणारी पताकांची रांग दिसते, तो फोटो सगळेच काढतात, मीही काढतो, पण फार झूम करून नाही, फार झूम केलं की बहुतेक फोन नुसता कापून मोठं करतो आणि पताका म्हणजे भगवे ठिपके होतात. त्यापेक्षा पूर्ण घाट येऊ द्यायचा.

मला नजर दिली ती रिंगणानं. चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं, अश्व धावत येतो आणि डोळ्याची पापणी लवते तोवर निघून जातो, आणि टच केल्यावर फोन फोकस शोधत बसतो तोवर समोर फक्त धूळ. दोन वर्षं माझ्याकडे धुळीचे फोटो आहेत. तिसऱ्या वर्षी शेजारी उभ्या एका वृत्तपत्राच्या फोटोग्राफरनी सांगितलं की माउली, घोडा येणार कुठून ते माहीत आहे ना, मग त्या जागेवर आधीच फोकस करून ठेव. मोकळ्या जागेवर बोट दाबून धरलं, लॉक झाल्याचं अक्षर आलं, मग फोन दोन्ही हातांत, कोपर बरगडीला टेकवून, आणि आवाजाचं बटण दाबून धरलं, माझ्या फोनमध्ये त्यानं पटापट दहा-वीस फोटो येतात. एकात अश्वाचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले आहेत आणि मागे एक आजी हात जोडून उभ्या आहेत, डोळे मिटलेले. त्या आजींना मी नंतर शोधून फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मला घोडा दिसलाच नव्हता.

पावसासाठी फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा पण लेन्सपुरतं भोक पाडून, नाहीतर सगळं धूसर येतं. आणि कुणाचा जवळून फोटो काढायचा तर आधी "माउली, काढू का?" म्हणायचं. नाही म्हणणारं क्वचित कुणी भेटतं, पण नाही म्हटलं तर फोन खाली.

ठाणे, दोन लहान मुलांची आई

मुलांचे फोटो वरून काढू नका, खाली बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला या. उभ्यानं काढलं की डोकं मोठं आणि पाय बारीक येतात. आणि चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन काढलं की नाक फुगतं, त्यात फोनचा दोष नाही, आपण फार जवळ गेलेलो असतो. दोन पावलं मागे जा आणि २एक्स वर काढा, चेहरा जसा आहे तसा येतो.

पोर्ट्रेट मोडबद्दल माझी थोडी तक्रार आहे. तो मागचं धूसर करतो ते हिशोबानं, लेन्सनं नाही, त्यामुळे कुठे चेहरा संपतो ते त्याला ओळखावं लागतं. लेकीच्या बारशाला सासूबाईंचा फोटो काढला, सुंदर आला, पण नथीचे बाहेरचे दोन मोती धूसर करून टाकले आणि कुरळ्या बटा कापल्यासारख्या. ती नथ त्यांच्या आईची होती, त्यांनी फोटो बघताक्षणी तेच विचारलं. तेव्हापासून दागिने, फुलं, मोकळे केस असतील तर साधाच मोड.

गणपतीचा प्रश्न, डोंबिवली

मखरात एलईडी माळा लावल्या की फोटोत आडवे काळे पट्टे येतात, व्हिडिओत तर ते वर सरकतातसुद्धा. कुणाला उपाय माहीत आहे का?

इलेक्ट्रिकल शिकवणारा, सोलापूर

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, डोळ्याला कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र फोटो एकदम न घेता ओळीओळीनं वाचतो. उजेड भरपूर असला की फोन शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, फार जलद करतो, मग काही ओळी दिवा प्रखर असताना वाचल्या जातात आणि काही मंद असताना, तेच पट्टे. प्रो मोड, म्हणजे हे हातानं ठरवायची सोय, असेल तर शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, पट्टे बहुतेक जातात. नसेल तर माळा बंद करून समई आणि खिडकीचा उजेड एवढ्यावर काढून बघा, मूर्तीचे डोळे जास्त छान दिसतात असा माझा अनुभव. पण फ्लॅश नको, रंगकामावर पांढरा डाग पडतो.

सातारा

कासला फुलं बघायला येणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. चांगल्या फोटोसाठी वाट सोडून फुलांत जाऊन बसायची काही गरज नाही. तेरडा आणि सोनकी वाटेच्या कडेलाही भरपूर असतात. फोन उलटा धरा, लेन्स खालच्या बाजूला, जमिनीपासून चार बोटं वर, फूल आभाळासमोर येतं आणि मागची माणसं गायब होतात. सीतेची आसवं तर इतकी लहान असतात की वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत वाट बघावीच लागते, मी एका फुलासमोर वीस मिनिटं बसलोय. आणि ढगाळ दिवस वाया गेला असं म्हणू नका, उन्हात निळा-जांभळा रंग फोनला नीट पकडता येत नाही, ढगात तो बरोबर येतो.

डब्लिनहून

सगळ्यांना नमस्कार. आईबाबा पुण्यात, ते फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मी इकडे छापून फ्रेम करायला गेले तर चेहरे मेणाचे असल्यासारखे दिसायला लागले. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. छापायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल येते. मात्र त्यात फोटो कुठे काढला तो पत्ताही सोबत येऊ शकतो, म्हणून घरच्यांपुरतंच ठीक, अनोळखी माणसाला घरातला फोटो असा पाठवू नका. बाबांना हे व्हिडिओ कॉलवर शिकवायला पाऊण तास लागला, मग त्यांनी त्या उत्साहात एकशे चाळीस फोटो पाठवले.

निवृत्त, कोल्हापूर

मी फोननं नवीन फोटो फार काढत नाही, जुने फोटो फोनमध्ये आणतो. घरात १९६८ पासूनचे अल्बम आहेत. काळी जाड पानं, चार कोपरे लावलेले. काही फोटो पिवळे पडले, काहींवर बुरशी, एका पानाला वाळवी लागलेली बघितली तेव्हा मी हे काम हातात घेतलं. काही पानांवर फोटो डिंकानं चिकटवलेले आहेत, ते उचकटायला गेलो तर पहिल्याच फोटोत वडिलांचा खांदा अल्बमला राहिला. म्हणून सांगतो, काढू नका, आहे तिथेच फोटो घ्या.

घरात काढला की चकचकीत कागदावर ट्यूब दिसते, उन्हात काढला की माझी सावली. शेवटी व्हरांड्यात जागा सापडली, जिथे आभाळाचा उजेड येतो पण ऊन नाही. अल्बम सपाट जमिनीवर, मी पाटावर बसतो, फोन बरोबर वर समांतर धरतो, पडद्यावरच्या चौकटीच्या रेषा फोटोच्या कडांशी जुळल्या की समांतर आहे असं समजायचं. अगदी जवळ न जाता थोडं वरून २एक्स, म्हणजे कडा वाकत नाहीत. काळा शर्ट घालतो, कारण पांढरा असला की तोच फोटोत चमकतो. सुनेनं एक काळा पुठ्ठा कापून दिलाय, त्याला लेन्सएवढं भोक आहे, त्यानं उरलेली चमकही जाते.

परवा १९७४ मधला आमच्या लग्नाचा पंगतीचा फोटो घेतला. मूळ फोटो तळहाताएवढा, कधी नीट बघितलाच नव्हता. स्क्रीनवर मोठा केला तर मागे वाढपी म्हणून धाकटा भाऊ दिसला, हातात जिलेबीचं ताट, आणि तो चक्क एक जिलेबी तोंडात घालतोय. तो आता बेळगावला असतो, गुडघ्यांमुळे फिरणं कमी झालंय. त्याला लगेच पाठवला, डॉक्युमेंट करून, वरच्या ताईंनी लिहिलंय तसा. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, आम्ही त्या पंगतीतली एकेक माणसं ओळखत बसलो, एकवीस ओळखली. टोपीवाले दोघं राहिलेत.

अजून दोन अल्बम बाकी आहेत. आता पावसाचं आभाळ दिवसभर काळं असतं, व्हरांड्यात उजेड पुरत नाही, दसऱ्यानंतर बसेन.