प्रतिसाद : 'ते इरु' आणि 'आयएनजी'

जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी क्रियापदांतील चुका केवळ सराव कमी पडल्याने होतात, हे मत मला अपुरे वाटते. पाठ्यपुस्तकी व्याकरणात इंग्रजी क्रियापदाच्या 'आयएनजी' (-ing) रूपासाठी, म्हणजे क्रिया चालू असल्याचे सांगणाऱ्या रूपासाठी, क्रियापदाला जोडला जाणारा 'ते इरु' हा एकच जपानी प्रतिशब्द ठरवून दिला जातो. पण 'ताबेते इरु' म्हणजे 'खात आहे' असले, तरी 'शिन्दे इरु' (इथे 'ते'चे 'दे' होते) म्हणजे 'मरत आहे' नव्हे, तर 'मेलेला आहे', कारण क्षणात घडणाऱ्या क्रियेच्या क्रियापदांना हे रूप लागले की सहसा क्रियेनंतरची स्थिती व्यक्त होते. त्यामुळे मृत माणसाविषयी 'ही इज डाइंग' असे लिहिणारा विद्यार्थी शिकवलेला नियम प्रामाणिकपणे पाळत असतो. मराठीत 'बसत आहे' आणि 'बसला आहे' ही रूपे वेगळी असल्याने आपल्याला ही अडचण चटकन जाणवत नाही. 'शित्ते इरु', म्हणजे 'माहीत आहे', याचे 'आय नो'ऐवजी चुकीचे 'आय अॅम नोइंग' होते तेही याच समीकरणामुळे.