वाहक, वाहन की जनुकवाहू?

घंटाळीकर : नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका पालकगटासाठी थॅलेसेमियावरच्या, म्हणजे एका आनुवंशिक रक्तविकारावरच्या, जनुकोपचाराचं माहितीपत्रक मराठीत आणतेय आणि ‘व्हेक्टर’पाशी गाडं अडलंय. विषाणूतली रोग पसरवणारी जनुकं काढून टाकतात, तिथे रुग्णाला हवं असलेलं जनुक बसवतात आणि पेशीत शिरायची विषाणूची मूळ हातोटी वापरून ते आत पोचवतात. त्या विषाणूला व्हेक्टर म्हणतात. मी सरळ ‘वाहक’ लिहिलं.

खर्डा एका बाबांना वाचायला दिला. पहिल्या पानावर होतं, ‘आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते.’ तिसऱ्या पानावर होतं, ‘वाहकाच्या साहाय्याने जनुक पेशीत सोडले जाते.’ त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मला म्हणाले, “म्हणजे आमच्या दोघांतलंच काहीतरी काढून घालणार का?”

चूक त्यांची नाही. मराठीत कॅरियर, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगणारा माणूस, तोही वाहक आणि व्हेक्टरही वाहक. आता काय करू?

ऐरोलीकर : अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे ‘व्हेक्टर’ ऐकलं की हात आपोआप ‘सदिश’ लिहितो. इथे ते अर्थातच चालणार नाही. पालिकेचे धूरफवारणीवाले ज्याला ‘कीटकजन्य आजार’ म्हणतात, तिथे मूळ शब्द व्हेक्टरच आहे, पण मराठीने डासाचं नाव घेऊन तो प्रश्न परस्पर मिटवला. लॅटिनमधल्या ‘वेहेरे’ म्हणजे वाहून नेणे या धातूपासून व्हेक्टर आला, आणि आपला ‘वह्’ हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर ‘वाहक’ तंतोतंत बरोबर, हीच गंमत.

कोपरीचे काका : मी ठाणे परिवहनमध्ये वाहक होतो. आयुष्यभर काहीच वाहिलं नाही हो. गाडी ओढायची चालकाने, आम्ही तिकिटं फाडायची आणि सुट्ट्या पैशांवरून भांडायचं. तुमचा विषाणू आमच्यापेक्षा जास्त काम करतोय.

घंटाळीकर : काका, तुमची हरकत पत्रकात घालता येत नाही, पण नोंदवून ठेवते! ‘विषाणुवाहक’ असा जोडशब्द केला तर निदान आई-वडिलांपासून वेगळा पडेल का?

वाशीच्या बाई : नको गं बाई. तीस वर्षं व्याकरण शिकवलंय म्हणून आग्रहाने सांगते. मालवाहक, रुग्णवाहिका, रक्तवाहिनी, शववाहिनी हे शब्द बघ. प्रत्येकात पहिलं पद हे ओझं आहे. रुग्णवाहिका रुग्णाला नेते, रुग्ण कोणाला नेत नाही. त्याच चालीने ‘विषाणुवाहक’ म्हणजे ज्याच्या अंगात विषाणू आहे असा माणूस. करोनाच्या दिवसांत लक्षणं नसलेल्यांना आपण हेच म्हणत होतो. ‘विषाणू हाच वाहक’ असा कर्मधारय कागदावर सोडवता येईल, पण दवाखान्याच्या बाकावर बसलेली आई विग्रह करत बसत नाही.

बरं, ओझं पुढे आणून ‘जनुकवाहक’ करावं तर पुन्हा थॅलेसेमिया मायनरचे, म्हणजे वाहक असलेले, आई-बाबाच डोळ्यांसमोर येतात. दोन्हीकडून कोंडी.

जाता जाता : खर्ड्यात तू ‘अनुवांशिक’ लिहिलंयस. अनुवंशाला ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, मधल्याची नाही. आनुवंशिक. वर्तमानपत्रंही रोज चुकतात, म्हणून आपण चुकायचं नाही.

घंटाळीकर : दुरुस्त केलं, बाई. पाच ठिकाणी होतं.

सीवूड्सकर : ‘वाहन’ का नाही? गणपतीचं वाहन उंदीर म्हणतो, वाहक नाही म्हणत. बसणारा महत्त्वाचा, नेणारा दुय्यम. इथेही जनुक बसणार आणि विषाणू नेणार.

वाशीच्या बाई : कल्पना गोड आहे. पण ‘विषाणू-वाहन’ वाचून लोकांना आधी आरटीओ आठवेल.

खारघरकर : प्रयोगशाळेत काम करतो. आम्ही दिवसभर ‘व्हेक्टर’च म्हणतो, त्यामुळे मराठी शब्द सुचवायचा मला अधिकार नाही. पण सोबतच्या विशेषणांवर बोलतो, कारण खरा घोळ तिथे होतो. खर्ड्यात ‘निरुपद्रवी विषाणू’ असं आहे. ते काढा. १९९९मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. त्याला यकृतातल्या विकराचा (एन्झाइमचा) आनुवंशिक दोष होता आणि व्हेक्टर अ‍ॅडेनोविषाणूचा होता. विषाणूने रोग पसरवला नाही, शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्या विषाणूविरुद्ध अनावर झाली. संमतीपत्राच्या आसपास ‘निरुपद्रवी’ हा शब्द फिरकूही नये.

दुसरं, थॅलेसेमियासाठी वापरतात तो लेंटिविषाणू. तो एचआयव्हीपासून घडवलेला असतो, हे नेटवर कोणीही दोन मिनिटांत शोधून काढेल आणि घाबरेल. तेव्हा तुम्हीच आधी सांगून टाका. रुग्णाच्या रक्तमूळपेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांत जनुक घालतात आणि त्या परत देतात. आमच्या खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राचं नाव ज्या नेक्सकार-१९मुळे लोकांना कळलं, त्यातही जनुक नेणारा लेंटिविषाणूच. २०२३मध्ये मान्यता मिळालेला तो उपचार रक्ताच्या कर्करोगावरचा आहे, आनुवंशिक विकारावरचा नाही, पण वाहतूक तीच. आणि कोविशिल्ड घेतलेल्या प्रत्येकाच्या दंडात व्हेक्टर जाऊन आलाय. तो चिंपांझीतल्या अ‍ॅडेनोविषाणूवरून बनवलेला होता.

घंटाळीकर : ‘निरुपद्रवी’ काढला. पण त्याच्या जागी ‘स्वतःची वाढ करू न शकणारा’ लिहिलं तर फार लांब होतं. मूळ मजकुरात त्यासाठी एकच शब्द आहे. ‘वांझ’ सुचला होता, पण आयांच्या गटात तो शब्द मी उच्चारणार नाही.

पनवेलचे आबा : एवढं अवघड आहे होय? गोऱ्हा खच्ची केला की बैल होतो. ओझं ओढतो, वंश वाढवत नाही. तुम्हाला वळू नकोय, बैल हवाय.

खारघरकर : आबा, गेली काही वर्षं मी नव्या मुलांना हे फळ्यावर आकृत्या काढून समजावतोय. उद्यापासून बैल.

घंटाळीकर : पत्रकात ‘खच्ची’ छापता येणार नाही, पण सभेत तोंडी सांगताना बैल वापरणार, आबा.

उरणकर : जरा उशिरा आलो, रात्रपाळी होती. न्हावा-शेव्याला कंटेनरच्या कामात आहे, विज्ञान माझा प्रांत नाही. पण आमच्याकडे ‘मालवाहक जहाज’ कोणी म्हणत नाही, मालवाहू जहाज म्हणतात. विक्रांत ही विमानवाहू नौका. मग ‘जनुकवाहू विषाणू’ का नको? जनुक हा माल, विषाणू हे जहाज. ‘वाहू’ माणसाला कधी लावत नाहीत, त्यामुळे आई-बाप त्यातून आपोआप सुटतात.

वाशीच्या बाई : वा! ओझं पहिल्या पदात, नेणारा वेगळा शब्द, आणि रूप अस्सल मराठी. ‘वाहू’ शेवटी दीर्घच ठेव. ‘विषाणुजन्य’मध्ये मात्र ‘णु’ ऱ्हस्व, कारण तिथे तो समासाच्या पोटात जातो.

ऐरोलीकर : जहाजाची उपमा पुढेही चालते. ॲडेनो-असोसिएटेड विषाणूत, म्हणजे एएव्ही या दुसऱ्या एका जनुकवाहू विषाणूत, सुमारे ४,७०० अक्षरांचा डीएनए मावतो. ड्युशेन स्नायुविकारात बिघडणाऱ्या डिस्ट्रोफिन जनुकाची कामाची संहिताच सुमारे ११,००० अक्षरांची आहे. म्हणून त्याची कापून छोटी केलेली आवृत्ती भरावी लागते.

उरणकर : वीस फुटी कंटेनरात चाळीस फुटी माल. रोजचंच आहे आमच्याकडे, फक्त आम्हाला कापायची परवानगी नसते.

घंटाळीकर : कळवायला आले. शेवटी असं छापलं : ‘स्वतःची वाढ करू शकणार नाही अशा प्रकारे बदललेला जनुकवाहू विषाणू’, आणि पहिल्या उल्लेखाशेजारी एकदाच, ‘डॉक्टर याला व्हेक्टर म्हणतात’. कारण फाइलवर तोच शब्द दिसणार. ‘वाहक’ फक्त आई-वडिलांसाठी राखून ठेवला.

रविवारी वाचून दाखवलं. त्या बाबांनी मान डोलावली. एका आजींनी विचारलं, “माल उतरवला की तो विषाणू परत कुठे जातो?” मला उत्तर देता आलं नाही. खारघरकर?

खारघरकर : कुठेच नाही. पेशीच्या आत त्याचं कवच मोडून पडतं, जनुक पेशीच्या डीएनएत शिवलं जातं. परतीची फेरी नसते, असं सांगा आजींना.

कोपरीचे काका : म्हणजे डेपोत गाडी जमाच होत नाही. मग हिशेब कोणाला देतो?