डोक्यावर कर्ज असताना रोडग्यांचे जेवण करावे काय?

पऱ्हाटी (धागाकर्ता)

काल ‘जुना सातबारा’ यांनी लिहिले की ज्या शेतकऱ्यावर पीककर्ज आहे, त्याने दारूबरोबरच शेतातली वांगे-रोडग्यांची (निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांची) जेवणे, मंडईतले म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतले नाटक आणि टपरीवरचा चहा कर्ज फिटेपर्यंत बंद ठेवावा, कारण आपले वडील असेच राहिले म्हणून आपण शिकलो. हे वाचल्यापासून मन शांत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रोडग्यांचा गहू घरचा असतो, वांगी बांधावरची आणि गोवऱ्या गोठ्यामागच्या. विकत आणायचे ते तेल, डाळ आणि थोडा मसाला. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि आपल्यातल्या कित्येकांना त्याहून बऱ्याच कमी भावात माल द्यावा लागला. क्विंटलमागे ७०० रुपये कमी मिळाले असे धरले, तरी वीस क्विंटलांवर १४,००० रुपये गेले. ही तूट चहा सोडून भरून निघणार आहे काय?

गृहकर्जाचे हप्ते भरणारा नोकरदार रविवारी कुटुंबाला घेऊन हॉटेलात जेवला, तर त्याला कोणी जाब विचारत नाही. शेतकरी मात्र हसताना दिसला की त्याचा सातबारा काढला जातो. कापसाच्या पहिल्या वेचणीला आपण सीतादही करतो, तेव्हा भाव ठरलेला नसतो आणि बोंडअळी किती नेणार हेही कळलेले नसते. तरीही शेतात दहीभात होतो, आणि तो व्हावा असेच मला वाटते.

जुना सातबारा

पऱ्हाटी भाऊ, भावाचा हिशेब मलाही येतो. मी रोडग्यांच्या तेलाबद्दल लिहिले नव्हते, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीबद्दल लिहिले होते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्य टक्क्याने पडते, आणि मुदत चुकली की ती सवलत जाते. ज्या माणसाची मुदत थोड्या रकमेसाठी चुकते, त्याला ती थोडी रक्कम कुठे गेली हे विचारायचे नाही काय?

शेंडगावात जन्मलेले आणि वलगावजवळ १९५६ साली देह ठेवलेले गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका, जेवायचे ताट मोडा पण पोराला शिकवा. माझ्या वडिलांनी ते अक्षरशः पाळले. त्यांना मी कधी टपरीवर बसलेले पाहिले नाही, आणि त्यांच्यामुळेच मी आज पेन्शन घेतो. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’, म्हणजे जिभेचे चोचले न पुरवणे, हे व्रत आहे, हे वर्धा जिल्ह्याच्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

वडसा लाइन

काकाजी, व्रत स्वतःहून घेतलेले असते. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला आले, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी स्वतःच्या जिभेला आवर घातला होता. शेजाऱ्याच्या ताटात डोकावून त्याला लाजवणे म्हणजे अस्वाद नव्हे. गाडगेबाबांनीही ऋण काढायला मनाई केली, घरच्या गव्हाचे रोडगे खायला केलेली माझ्या ऐकण्यात नाही.

नाटकाविषयीही बोलतो, कारण तुमच्या लेखात ते दारूच्या पंगतीला बसवले आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धानाची कापणी उरकली की गावोगावी मंडई भरते, दंडार हे लोकनाट्य होते आणि वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या रात्रभर नाटक करतात. त्या एका रात्रीवर नट, वादक, पडदेवाला, मांडववाला आणि फाटकाबाहेर चणे-फुटाणे विकणारी बाई यांची घरे चालतात. आमच्याकडे लेकीबाळी मंडईला माहेरी येतात. मुलांना मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत नाटक पाहणाऱ्या माणसाने कर्ज बुडवले, असे सरसकट कसे म्हणता?

सेलूची लेक

सगळे भाऊ सुख घ्यावे की नाही यावर भांडत आहेत, म्हणून विचारते: ते सुख घेतो कोण? रोडग्यांच्या दिवशी माझी आई पहाटे उठून जाड कणीक मळत असे, पाट्यावर मसाला वाटत असे, वांगी चिरून डब्यात भरत असे. मग पुरुषमंडळी शेतात जाऊन निखाऱ्यात रोडगे भाजत आणि ‘आज स्वयंपाक आम्ही केला’ असे अभिमानाने सांगत. संध्याकाळी राखेने माखलेली भांडी तिच्याचकडे येत. ती पहिल्या पंगतीला बसलेली मला आठवत नाही.

अपराधीपणाची गोष्ट निघाली आहे तर हेही लिहिते. टपरीवर तासभर बसणाऱ्या पुरुषाला स्वतःची लाज वाटलेली मी पाहिलेली नाही, पण दुपारी निंदणावरून येऊन घटकाभर रेडिओ ऐकणारी बाई सासूची चाहूल लागताच उठून केरसुणी हातात घेते.

संत्र्याची बाग

ताई, तुमच्या घरचे सगळ्या विदर्भावर लादू नका! आमच्या वरुडकडे कणीक मळण्यापासून वरणाला फोडणी देण्यापर्यंत सगळे पुरुष करतात आणि बायकांना शेतात नेऊन आधी वाढतात. त्यातून या वर्षी अंबिया बहाराची अर्धी फळे गळून झाडाखाली सडली, व्यापाऱ्याने इसार दिलेला सौदा मोडला, आणि इथे आम्ही भांडी घासतो की नाही याची चौकशी चालली आहे. फळगळीवर एक अक्षर कोणी लिहीत नाही.

सेलूची लेक

फळगळीचे दुःख मला कळते, आमच्याही मामांची बाग आहे. पण तुमच्याकडे बायकांना आधी वाढतात, ते वर्षातून किती वेळा? उरलेल्या दिवशी ताट कोण वाढते आणि शेवटी कोण जेवते, ते लिहा. एका दिवसाचा मान दाखवून वर्षभराचा प्रश्न मिटवू नका.

संत्र्याची बाग

रोजच्या स्वयंपाकाचे म्हणाल तर ते बायकांकडेच आहे, हे खरे. पण तुम्ही रोडग्यांबद्दल लिहिले होते, आणि रोडग्यांच्या बाबतीत मी माझा शब्द मागे घेणार नाही.

वडसा लाइन

ताईंचे म्हणणे मूळ विषयाबाहेरचे नाही, हे मला आता जाणवते. नाटकाला बायका येतात, पण कडेवरचे लेकरू त्यांच्याचकडे असते, आणि पहाटे घरी आल्यावर नवरा झोपतो व त्या चूल पेटवतात.

जुना सातबारा

सेलूच्या ताईंचा मुद्दा मला लागला, हे लिहायला मला जड जात आहे. माझ्या वडिलांनी चहा सोडला हे मी अभिमानाने सांगतो. माझ्या आईने काय सोडले, हे मला कोणी कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तेवढ्यापुरते मान्य. पण त्यामुळे उधारी पवित्र होत नाही. हातात रोख नसताना केलेली हौस ही हौस नाही, ते पुढच्या हंगामावरचे ओझे आहे, या मतावर मी ठाम आहे.

पऱ्हाटी (धागाकर्ता)

काकाजी, उधार आणून हौस करावी असे मी कुठेही म्हटलेले नाही, तेव्हा तिथे आपले भांडणच नाही. भांडण आहे ते तुमच्या ‘कर्ज फिटेपर्यंत’ या अटीवर. कोरडवाहू शेतीत पीककर्ज दर खरिपाला नव्याने घ्यावे लागते. बियाणे, खत आणि फवारणी त्याशिवाय उभी राहत नाही. म्हणजे कर्ज संपले असा दिवस बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही. ती अट पाळायची ठरवली तर माणसाने विशीत बंद केलेला चहा साठीतही सुरू होणार नाही. हे तुम्ही कोणत्या शेतकऱ्याला समोर बसवून सांगू शकाल, तेवढे मला लिहा.